भंगारातून अंगण सपाट करायचा मैंद: खाटेचा अँगल, ट्रकचा पाटा आणि जुनी तुळई कशी वापरावी?

प्रश्न: मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांस नमस्कार. आमचे घर जुन्या पद्धतीचे, कौलारू आहे. सोप्यासमोर (पुढच्या पडवीसमोर) रस्त्यापर्यंत 40 फूट लांब आणि 30 फूट रुंद असे मातीचे अंगण आहे. माती तांबडी असून तिच्यात जागोजागी जांभ्याचे खडे आहेत. माणसे, जनावरे आणि ट्रॅक्टर यांच्या वर्षानुवर्षांच्या वावराने अंगण मधोमध खोलगट झाले आहे. त्यामुळे पावसाळ्यात पाणी रस्त्याकडच्या गटाराला जाण्याऐवजी मधल्या खोलग्यात आणि जोत्याला लागून साचते आणि जोत्याच्या चिऱ्यांना श्रावण संपेपर्यंत ओल राहते. सुगीला याच अंगणात भात वाळत घालावे लागत असल्यामुळे येथे काँक्रीट किंवा फरशी करण्याची आमची इच्छा नाही. माती मातीच राहावी, पण पाणी वाहून जावे, एवढेच हवे आहे.

जेसीबी बोलावण्याचा विचार सोडून दिला आहे, कारण फाटकातून तो आत येणार नाही आणि सोप्याचे लाकडी खांब जवळ आहेत. शेजाऱ्यांचा पॉवर टिलर मिळू शकतो. परड्यात पुढील सामान पडून आहे: लोखंडी अँगलची एक जुनी खाट, ट्रकच्या कमानीचे (स्प्रिंगचे) तीन पाटे, मोडलेल्या कल्टिव्हेटरचे चार फण, पाडलेल्या गोठ्याची आठ फुटी सागवानी तुळई, रहाटाची साखळी आणि पत्र्याचा एक मोठा बॅरल.

यातून मैंद, म्हणजे ओढून माती सपाट करणारे अवजार, घरच्या घरी बनवता येईल का? ते किती जड असावे? माती कापणारे पाते म्हणून कमानीचा पाटा लावावा की खाटेचा अँगल? सोप्यापासून गटाराच्या काठापर्यंत जमिनीला उतार किती द्यावा, हेही जाणकारांनी सांगावे. गटाराचा तळ जोत्याच्या पायथ्यापेक्षा 14 इंच खाली आहे, एवढे मोजले आहे.

उत्तर: पाणसळ (बेळगाव, गवंडीकाम)

दादा, आपण विचारलेला शेवटचा प्रश्न खरे तर पहिला आहे. अवजार कितीही उत्तम बनवले, तरी कोठली माती कोठे न्यायची हे आधी ठरलेले नसेल, तर ते फक्त आहे तोच खोलगटपणा गुळगुळीत करून देईल. मैंदाला उतार कळत नाही. उतार माणसाला मोजून, खुंट्या ठोकून दाखवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे साधन आपल्या सर्व सामानापेक्षा स्वस्त आहे.

बोटाएवढ्या जाडीची पारदर्शक नळी 15 मीटर घ्यावी. आम्ही गवंडी तिला लेव्हल पाईप म्हणतो. एका टोकाने हळूहळू पाणी भरावे आणि नळीत एकही बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करावी, कारण एक अडकलेला बुडबुडा सगळे मोजमाप फसवतो. पाण्यात थोडी नीळ घातली तर पातळी स्पष्ट दिसते. दोन्ही टोके एकाच उंचीच्या दोन सरळ पट्ट्यांना बांधावीत आणि काम सुरू करण्याआधी दोन्ही पट्ट्या सपाट जागी शेजारी उभ्या करून पाणी एकाच खुणेवर येते का ते पाहावे. वाचताना दोन्ही तोंडे उघडी असली पाहिजेत. अंगठ्याने तोंड दाबले गेले तर पातळी खोटी दिसते. हे काम सकाळी लवकर करावे, कारण नळीचा एक भाग उन्हात आणि एक सावलीत राहिला तर दोन्हीकडच्या पाण्याची उष्णता वेगळी होऊन बारीक फरक पडतो.

आता उतार. मातीच्या जमिनीला घरालगतच्या पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार द्यावा, म्हणजे जोत्याला पाणी टेकत नाही. पुढच्या 30 फुटांत एवढा उतार नको, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात माती वाहून जाईल आणि वाळत घातलेले भातही खाली घसरेल. तेथे साठास एक या प्रमाणात उतार पुरे, म्हणजे 30 फुटांना 6 इंच. दोन्ही मिळून 12 इंच होतात. आपल्याकडे 14 इंच आहेत, म्हणजे गटाराच्या तळापेक्षा अंगणाची कड 2 इंच वर राहील. हे जमण्यासारखे आहे, पण मोकळीक फार नाही. म्हणून गटार साफ करून त्याचा तळ पुन्हा एकदा मोजावा. गाळावर ठेवून मोजलेला तळ खरा नसतो.

सोप्यापासून रस्त्यापर्यंत आणि आडव्या दिशेनेही दर सहा फुटांवर खुंटी ठोकावी. प्रत्येक खुंटीवर जेथे माती यायला हवी तेथे रंगाची रेघ ओढावी. रेघ जमिनीच्या वर असेल तेथे भर, खुंटी जमिनीत उतरवून रेघ मातीखाली गेली तर तेथे कापणी. एका चौरस मीटरवर 1 सेंटिमीटर जाडीची माती म्हणजे 10 लिटर, साधारण एक घमेले, हा हिशेब लक्षात ठेवला तर किती माती हलवायची आहे याचा अंदाज कागदावरच येतो. आपले अंगण 1200 चौरस फुटांचे आहे. सगळीकडे सरासरी 5 सेंटिमीटर भर लागली तर जवळजवळ दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) दाबलेली माती लागेल, आणि सुटी माती त्यापेक्षा चतुर्थांशाने तरी जास्त आणावी लागेल. हे आधी कळले तर बाहेरून मुरूम मागवायचा की रस्त्याकडची उंच माती जोत्याकडे ओढून भागेल, हे ठरते. आपल्या वर्णनावरून मधला खोलगा बुजवायला थोडा तरी मुरूम लागेल असे वाटते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. जोत्याकडे भर टाकताना माती सोप्याच्या फरशीपासून किमान 6 इंच खाली थांबली पाहिजे. लाकडी खांबाच्या दगडी बैठकीवर माती चढू देऊ नये. उतार काढण्याच्या उत्साहात खांबाचा बुडखा मातीत गेला तर वाळवीला वाट मिळते.

उत्तर: उद्यमबाग फॅब्रिकेशन

गवंडीकाकांनी मोजमाप सांगितले आहे, म्हणून मी फक्त अवजाराबद्दल लिहितो. आमच्या शेडमध्ये शेतकरी फळी, लोड, ब्लेड असे बरेच काही बनवून घेण्यासाठी येतात आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न वजनाचा असतो. वजन महत्त्वाचे आहे, पण दुसऱ्या क्रमांकावर. सपाटी येते ती चौकटीच्या लांबीमुळे. आखूड अवजार प्रत्येक उंचवट्यावर चढते आणि प्रत्येक खड्ड्यात उतरते, त्यामुळे जमिनीचा मूळचा आकार तसाच राहतो. लांब चौकट दोन उंचवट्यांवर टेकून राहते, मधले पाते खड्ड्यात उतरू शकत नाही, ते फक्त उंचवट्याचा माथा कापते आणि ती माती पुढे जाऊन खड्ड्यात पडते. सुताराचा लांब रंधा फळी जशी सरळ करतो, तेच येथे होते.

म्हणून आपल्या सगळ्या सामानात सर्वांत मोलाची वस्तू ही खाट आहे. जुनी अँगलची खाट साधारण 6 फूट लांब आणि 3 फूट रुंद असते. पाय कापून टाकले की तिच्या दोन लांब बाजू जमिनीवर घसरणाऱ्या दोन पट्ट्या होतात, म्हणजे अर्धे अवजार तयारच आहे. फक्त खाटेची चौकट पिळवटते. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत 12 मिलिमीटरची सळई किंवा जुन्या अँगलचा तुकडा तिरपा जोडावा. वेल्डिंग करण्याआधी दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. ते सारखे असतील तरच चौकट काटकोनात आहे. त्यानंतर चौकट सपाट काँक्रीटवर ठेवून चारही कोपरे टेकतात का ते पाहावे. एक कोपरा जरी उचललेला असला तरी अवजार अंगणात एका बाजूला खोल चर पाडत जाईल.

आता पाती. दोन लावावीत. पुढचे पाते चौकटीच्या पुढच्या टोकापासून सुमारे दोन फुटांवर असावे, अँगलची उभी बाजू खाली आणि तिची कड लांब पट्ट्यांच्या तळापेक्षा 5 मिलिमीटर खाली. त्यापेक्षा खाली ठेवण्याचा मोह टाळावा. अवजार एका फेरीत थोडेच कापते, पण प्रत्येक फेरीत जमीन आधीपेक्षा सरळ होते. मागचे पाते अगदी शेवटी असावे आणि ते उलट बसवावे, म्हणजे अँगलची आडवी बाजू जमिनीवर सपाट टेकेल. हे पाते कापत नाही, सुटलेली माती पसरून दाबत जाते. पात्यासाठी 50 बाय 50 बाय 6 मिलिमीटरचा अँगल उत्तम. त्याचे वजन मीटरला साडेचार किलो असते, म्हणजे 3 फुटी दोन पात्यांचे मिळून आठ किलोच्या आसपास होईल. आमच्या भागातल्या भंगारवाल्यांकडे असे तुकडे किलोच्या भावाने मिळतात. घेताना सरळ आहेत का ते डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून पाहावे.

कमानीचा पाटा पाते म्हणून लावावा का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले, पाटा वाकलेला असतो. वक्र पाते जमिनीवर वक्रच रेघ ओढते, सपाट नाही. दुसरे, कमानीचे पोलाद साध्या लोखंडासारखे नसते, त्यात कार्बन जास्त असतो. साध्या वेल्डिंग रॉडने ते जोडले तर वेल्ड वरून सुंदर दिसते, पण थंड होताना शेजारचे पोलाद ठिसूळ होते आणि पहिल्या दगडावर तडा जातो. ते जोडायचेच असेल तर आधी तापवून, कमी हायड्रोजनचा रॉड वापरून, हळूहळू थंड करावे लागते, आणि ते घरगुती काम नव्हे. पाट्याचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याच्या मधोमध कमान बांधण्याचे भोक आधीच असते. त्यातून जाड बोल्ट घालून आखूड पाटे लांब पट्ट्यांच्या पुढच्या टोकांना, वर वळलेली बाजू पुढे ठेवून, बसवावेत. मग चौकट मातीत नाक खुपसत नाही आणि झिजते ते पाट्याचे कठीण पोलाद, खाटेचा पातळ अँगल नव्हे.

फणांचे काय करावे? आपल्या अंगणासाठी ते फार उपयोगाचे आहेत. वर्षानुवर्षे तुडवलेली तांबडी माती इतकी घट्ट होते की पाते तिच्यावरून नुसते घसरते आणि लोक म्हणतात की अवजार हलके पडले. ते हलके नसते, जमीन सुटी झालेली नसते. चारही फण एका वेगळ्या आडव्या पट्टीला बोल्टने बसवून ती पट्टी पुढच्या पात्याच्या पुढे, काढता-घालता येईल अशी लावावी. फणांची टोके पात्यापेक्षा इंचभरच खाली असावीत. पहिल्या फेऱ्या फणांसह माराव्यात, जमीन पोकळ झाली की फण काढून ठेवावेत. मात्र नळाची पाईप कोठून गेली आहे ते आधी माहीत करून घ्यावे. आपल्याकडे गावोगावच्या नळजोडण्यांची पाईप कधी कधी वीतभरही खोल नसते.

वजनासाठी वेगळे लोखंड घेऊ नये. चौकटीवर दोन चिरे बांधले की प्रत्येकी तीसेक किलो वजन मिळते, आणि पाहिजे तेव्हा उतरवता येते. चिरे मागच्या पात्याच्या थोडे पुढे ठेवावेत. ते मागे ठेवले तर पुढचे पाते उचलते, पुढे ठेवले तर ते जास्त खाते. ही फेरफार करून पाहण्यासाठी वजन बांधलेले असावे, वेल्ड केलेले नसावे.

साखळीबद्दल लोक विचार करत नाहीत, पण ओढण्याचा कोन सगळे ठरवतो. साखळी दोन्ही पुढच्या कोपऱ्यांना जोडून मध्ये एकत्र आणावी. साखळी आखूड असेल तर टिलर चौकटीचे तोंड वर उचलतो आणि पुढचे पाते हवेत राहते. लांब ठेवली तर ओढ जमिनीच्या जवळून होते आणि पाते नीट बसते. निदान चौकटीच्या लांबीएवढी तरी ठेवावी. एका बाजूची साखळी दोन-तीन कड्यांनी आखूड केली तर चौकट तिरपी चालते आणि माती एका बाजूला सरकवत जाते. रस्त्याकडची माती जोत्याकडे आणण्यासाठी ही युक्ती उपयोगी पडेल.

आणि फेऱ्या कोणत्या दिशेने? घराला समांतर, आडव्या. गवंडीकाकांनी दोन वेगवेगळे उतार सांगितले आहेत आणि 6 फुटी चौकट उतारावरून सरळ खाली ओढली तर ती 10 फुटांवरचा तो बदल पुसून टाकेल. आडव्या पट्ट्यांनी काम केले तर प्रत्येक पट्टी आपल्या खुंट्यांच्या रेघेनुसार आणता येते.

तुळई मी मुद्दाम शेवटी ठेवली. ती कापू नये. खालच्या कडेला अँगलची पट्टी स्क्रूने बसवली की आपल्या आजोबांच्या काळचा मैंद तयार होतो, आणि शेवटच्या हाताला खाटेच्या अवजारापेक्षा तोच सरस ठरतो. आधी जुने खिळे मात्र सगळे काढावेत.

उत्तर: येळ्ळूर शिवार

वरील माहिती फारच मोलाची आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते, कारण टिलर आणि चौकट अंगणाच्या मधोमध चालेल, पण सोप्याच्या खांबांभोवती, तुळशी वृंदावनाजवळ आणि फाटकाच्या कोपऱ्यात काम हातानेच करावे लागणार आहे.

कोपऱ्यांसाठी हातदंताळे घरीच बनवता येते. हातभर लांबीचा लाकडाचा तुकडा घ्यावा, त्याला बोटभर अंतरावर जुन्या सळईचे दात बसवावेत आणि दुसरी बाजू तशीच सरळ ठेवावी. दातांनी खडे ओढून काढावेत, मग अवजार उलटे करून सरळ बाजूने माती सारखी करावी. दांडा माणसाच्या हनुवटीपर्यंत यावा, म्हणजे कंबर वाकवावी लागत नाही. आमच्याकडे अंगणाचे असे काम बहुतेक घरांत बायका करतात, त्यामुळे दांड्याची उंची करणाऱ्या बाईच्या मापाने ठरवावी, घरातल्या उंच माणसाच्या मापाने नव्हे.

दुसरी गोष्ट माती दूर नेण्याची. चौकट माती पसरते, पण 20-25 फूट अंतरावर वाहून नेत नाही. पूर्वी शेताच्या सपाटीसाठी बैलांनी ओढायची केणी असे, म्हणजे पुढून उघडी पेटी, मागे दोन मुठी. मुठी उचलल्या की धार मातीत शिरते आणि पेटी भरते, मुठी दाबल्या की पेटी घसरत पुढे जाते, आणि पाहिजे तेथे मुठी पुरत्या वर उचलून ती पालथी करायची. जुन्या पत्र्याची आणि दोन फळ्यांची लहान केणी टिलरमागेही चालते. आपले अंगण एका टोकाला उंच आणि मध्ये खोल आहे, म्हणून घमेल्यांनी वाहण्यापेक्षा ती केलेली बरी.

उत्तर: चिक्कोडी पूर्व

सर्वांचे म्हणणे पटले. मी फक्त वेळेबद्दल सांगतो, कारण योग्य अवजार अयोग्य ओलीत वापरले तर श्रम वाया जातात. एप्रिल-मेमध्ये कोरडी तांबडी माती दगडासारखी असते आणि ढेकळे निघतात. वळीव पडल्यावर लगेच गेलात तर माती पात्याला चिकटून गोळा होते. मधला वापसा, म्हणजे माती ना कोरडी ना चिकट अशी ओल, साधला पाहिजे. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडावा. गोळाच झाला नाही तर माती कोरडी आहे, पडून चपटा झाला तर ओली आहे, आणि पडल्यावर चार-पाच तुकडे झाले तर त्याच दिवशी काम धरावे. वळीव आलाच नाही तर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून रात्रभर मुरू द्यावे.

भर टाकताना एका वेळी 10 सेंटिमीटरपेक्षा जाड थर टाकू नये. प्रत्येक थरावर धुम्मस करावी, म्हणजे जड ठोकळ्याने ठोकून माती दाबावी, आणि मगच पुढचा थर टाकावा. फूटभर माती एकदम टाकून वरून कितीही ठोकली तरी खालची पोकळच राहते आणि आषाढात बसते. आपल्याकडे तांबडी माती आहे हे आपले भाग्य आहे. आमच्या बाजूच्या काळ्या मातीत हे काम असेच केले तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून आम्हाला वर वीतभर मुरमाचा थर द्यावाच लागतो.

मलप्रभाकाठ

सर्व काकांचे आणि ताईंचे मनापासून आभार. लेव्हल पाईप आणला आहे आणि गटारातला गाळ काढल्यावर तळ आणखी 2 इंच खाली निघाला, त्यामुळे उताराला थोडी मोकळीक मिळाली. आणखी दोन शंका आहेत. एक, दाबण्यासाठी पत्र्याच्या बॅरलमध्ये काँक्रीट भरून रूळ करता येईल का? दोन, एका भंगारवाल्याने सांगितले की रुळाचा, म्हणजे रेल्वेच्या पट्टीचा तीन फुटी तुकडा देतो, वजनासाठी आणि पात्यासाठी तो सर्वांत चांगला. तो घ्यावा का?

उत्तर: उद्यमबाग फॅब्रिकेशन

दादा, रेल्वेचा तुकडा घेऊ नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. लिलावातून रीतसर सुटलेले लोखंडही बाजारात असते, पण ज्याच्याकडे त्याची पावती नाही त्याच्याकडून घेतलेला तुकडा आपल्या परड्यात सापडला तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. शिवाय आपल्याला त्याची गरजही नाही. आजकाल नवा रूळ मीटरला 52 ते 60 किलोचा असतो, म्हणजे तीन फुटांतच पन्नासेक किलो, आणि तेवढे वजन दोन चिऱ्यांनी मिळते.

बॅरलचा विचारही बदलावा. 200 लिटरचा बॅरल काँक्रीटने भरला तर त्याचे वजन पावणेपाचशे किलोच्या पुढे जाईल, उतारावर तो थांबवणे धोक्याचे आहे आणि सोपा जवळ आहे. त्यापेक्षा बाहेरून 30 सेंटिमीटर व्यासाचा, 3 फुटी सिमेंटच्या पाईपचा तुकडा घ्यावा, मधोमध अक्षासाठी जाड पाईप उभी धरावी आणि काँक्रीट भरावे. तो दीडशे किलोच्या आसपास होतो आणि दोन माणसे तो सहज ओढतात. काँक्रीट निदान आठवडाभर ओले ठेवून मगच वापरावा.

आणखी एक अतिशय गंभीर सूचना. बॅरलमध्ये पूर्वी डिझेल, ऑईल, थिनर किंवा औषध असेल तर त्याला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावूच नये. आत वास येत नसला तरी वाफ शिल्लक असते आणि एका ठिणगीने तो फुटतो. आमच्या धंद्यातली माणसे अशा कामात जिवानिशी गेली आहेत. त्याचप्रमाणे जस्ताचा मुलामा असलेली जुनी पाईप जोडायची वेळ आली तर जोडाच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढावा आणि उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून काम करावे. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो.

उत्तर: पाणसळ

गटाराची बातमी चांगली आहे. ते 2 इंच उतारात खर्च करू नका, गाळासाठी राखून ठेवा.

काम झाल्यावर खुंट्या लगेच उपटू नयेत. पहिला मोठा पाऊस पडून जाऊ द्यावा आणि तो थांबल्यावर अर्ध्या तासाने अंगण पाहावे. जेथे पाणी उभे असेल त्याची कड काठीने आखून ठेवावी, वाळल्यावर तेवढ्याच जागी मुरूम भरून धुम्मस करावी. मातीचे अंगण पहिल्या पावसाळ्यात थोडे बसतेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. शेवटचा हात सुगीच्या तोंडावर, पाऊस ओसरल्यानंतरच्या वापशावर द्यावा. तुळईच्या मैंदाने सारखे करून, पाणी शिंपडून, चोपणीने चोपून मग शेणाने सारवावे. जोत्यालगतच्या पहिल्या 10 फुटांत उतार जास्त आहे, म्हणून भात त्याच्या पुढच्या भागात घालावे. ती पट्टी मोकळी राहील आणि येण्याजाण्याला वाटही मिळेल.

खानापूरकडे कौलांचे भट्टीतले फुटके तुकडे मिळतात. गटाराच्या काठाला, जेथे पाणी अंगणातून खाली पडते, तेथे ते दोन हात रुंदीत उभे बसवावेत, म्हणजे काठ खचणार नाही. आणि पाण्याची दिशा शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे जात नाही ना, हे त्यांना बोलावून खुंट्या दाखवून आधीच ठरवून घ्यावे.